कुर्ल्याची पद्मिनी, चाकणची व्हर्टस

इतिहास म्हटला की आपण मराठी माणसे लगेच गड चढायला लागतो. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा “इतिहासावर काहीतरी द्या” असे सांगितले, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांसमोर रायगड-राजगडच असणार. मी मात्र वाचकांना यंदा गॅरेजमध्ये नेणार आहे. मोटारगाडीलाही इतिहास असतो, आणि आपल्या बंगळूरकर मराठी मंडळींचा त्या इतिहासाशी वाटतो त्यापेक्षा जवळचा संबंध आहे.

तुलनेसाठी दोन गाड्या घेतल्या आहेत. एक प्रीमियर पद्मिनी, जिला आपण सगळे आयुष्यभर ‘फियाट’च म्हणत आलो. दुसरी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, २०२२ साली बाजारात आलेली. दोन्ही चार दरवाजांच्या, मागे डिकी असलेल्या, घरच्या माणसांना घेऊन जाणाऱ्या गाड्या. दोन्हींचा जन्म महाराष्ट्रातला, एकीचा कुर्ल्याला तर दुसरीचा चाकणला. आणि दोन्हींचे मूळ परदेशी, एक इटालियन वंशाची, दुसरी जर्मन. माझे बालपण घाटकोपरला गेले आणि नोकरी बंगळुरात झाली. पद्मिनी मी कॉलेजात असताना नानाकाकांच्या कृपेने चालवली. व्हर्टस गेल्या वर्षी भाच्याच्या कृपेने. त्यामुळे दोघींबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानतो.

मोटारीसाठी गेले आणि विमान घेऊन आले

सुरुवात सोलापूरपासून करावी लागेल. वालचंद हिराचंद यांचा जन्म तिथे १८८२ साली झाला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, सिंदिया कंपनीची जहाजे, वालचंदनगरचा साखर कारखाना अशी त्यांच्या उद्योगांची यादी मोठी आहे. आपल्यातले जे सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकले, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. या माणसाच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. हिंदुस्थानात मोटार तयार झाली पाहिजे. नुसती जोडायची नव्हे, तयार करायची.

हीच कल्पना आणखी एका थोर माणसाच्या डोक्यात होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा पुतळा आपण येता-जाता पाहतो, पण त्यांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्यात झाले आणि उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. त्यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ आणि म्हैसूर संस्थान दोघांचीही मदत करण्याची इच्छा होती. परंतु ब्रिटिश सरकारला इथे मोटारीचा कारखाना नको होता. त्यातच महायुद्ध सुरू झाले.

१९३९ साली वालचंद मोटारीच्या बोलणीसाठी अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या विमान-व्यवसायातील अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉलीचा विमानांचा कारखाना चीनमध्ये होता. बोलता बोलता विषय निघाला, आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. युद्धामुळे सरकारने ती लवकरच ताब्यात घेतली. आज आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची चूल ज्या एच.ए.एल.वर पेटली, तिचे मूळ असे एका मोटारीच्या प्रवासात आहे!

मोटार मात्र मागे पडली होती. अखेर अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पहिल्या गाड्या अमेरिकन घाटाच्या, डॉज आणि डिसोटो. १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने ठरवले की, ज्यांना इथे नुसत्या गाड्या जोडायच्या आहेत त्यांनी निघावे, ज्यांना भाग इथे बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, कोलकात्याजवळ हिंदुस्तान मोटर्स राहिली.

डुक्कर फियाट ते पद्मिनी

१९५४ साली आलेली फियाट ११०० म्हणजे मुंबईकरांची ‘डुक्कर फियाट’. नाव ठेवण्यात मुंबईकरांचा हात कोण धरणार? गोलमटोल अंग आणि पुढे काढलेले नाक पाहून हे नाव पडले, आणि त्यात राग कमी, लाड जास्त होता. तिच्यानंतर एलिगंट, सिलेक्ट अशी रूपे आली आणि १९६४ मध्ये ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’. हीच पुढची पद्मिनी. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती काही काळ ‘प्रेसिडेंट’ होती आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, गाडी तीच.

त्या काळच्या फियाटची एक हकीकत आजच्या मुलांना अवश्य सांगावी. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनी फियाट घ्यायचे ठरवले. किंमत सुमारे १२,००० रुपये. जवळ होते ७,००० रुपये. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी देशाच्या पंतप्रधानाने बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. ताश्कंदला १९६६ साली त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ते त्यांच्या पत्नी ललितादेवींनी पुढे फेडले. आणि योगायोग असा की, कुर्ल्याचा तो फियाटचा कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्या जुन्या आग्रा रोडचे नाव पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झाले.

आमचे घर त्याच रस्त्याच्या बाजूला होते. पाळी सुटली की निळ्या कपड्यांतले कामगार डबे हलवीत बसस्टॉपवर येत. त्यांच्यापैकी एकाच्याही दारात गाडी नव्हती, पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फियाटकडे ते मुलीच्या सासरी गेलेल्या बापासारखे पाहत.

गोठलेला काळ

आता पद्मिनीच्या बॉनेटखाली पाहू. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. या इंजिनाचे घराणे फियाटने १९३७ साली सुरू केले होते. गाडीचे मूळ आरेखन दांते जिअकोसा या इटालियन इंजिनिअरचे, १९५३ चे. आणि पद्मिनीचे उत्पादन चालले २००० सालाच्या आसपासपर्यंत! म्हणजे महायुद्धाच्या आधीचे इंजिन नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यापर्यंत आपण बनवीत राहिलो.

याचा दोष कुर्ल्याच्या कामगारांना किंवा इंजिनिअरांना देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. किती गाड्या बनवायच्या यावर परवाना. नवे मॉडेल आणायचे तर परकीय चलन लागणार, म्हणून त्याला परवानगी मिळणे दुरापास्त. १९६९ साली तर विक्रीची किंमतही सरकारने बांधून दिली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दुसऱ्या बाजूने पाहिले तर गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे रांगेत उभे. चालू गाडीला ‘ऑन’ देऊन घेणारे होते. जो माल रांगा लावून खपतो, तो सुधारायची घाई कुणाला असणार?

नानाकाकांनी पैसे भरले तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. गाडी दारात आली तेव्हा ती स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली होती. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले आणि अख्खी चाळ पेढे खाऊन गेली. ते दृश्य आठवले की आजही बरे वाटते. पण त्या आनंदात पाच-सहा वर्षांच्या प्रतीक्षेचा वाटा मोठा होता, गाडीचा कमी, हेही मान्य केले पाहिजे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि चित्र पालटले. प्रीमियरने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ काढली. १९९३ मध्ये मोटारीवरचे परवानाराज संपले. त्यानंतर प्रीमियरने प्यूजोशी संसार मांडला, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट स्वतः उतरली आणि उनो आली. कामगारांचे प्रश्न, भागीदारांचे प्रश्न, पैशाचे प्रश्न एकदमच अंगावर आले. पद्मिनी थांबली. कुर्ल्याचा भोंगा थांबला.

चाकणला नवा डाव

गडांचा विषय टाळीन म्हटले होते, तरी चाकणला आल्यावर संग्रामदुर्गाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो भुईकोट शाएस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. आमच्या लहानपणी चाकण म्हणजे हा किल्ला आणि कांद्याचा बाजार. तिथे मार्च २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

जर्मन कंपनी चाकणलाच का आली? पुण्याभोवती टेल्को, बजाज, भारत फोर्ज यांनी १९६० च्या दशकापासून घडवलेले कुशल कामगार आणि सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने, हे त्याचे एक मोठे कारण. म्हणजे ज्या बंदिस्त काळाने पद्मिनीला गोठवले, त्याच काळाने “भाग इथेच बनवा” या हट्टापायी हे कसबही निर्माण केले. इतिहास असा दोन्ही हातांनी वाढतो.

२०१८ मध्ये या समूहाने खास भारतासाठी गाड्या घडवण्याचा कार्यक्रम जाहीर केला, २०१९ मध्ये पुण्यात तंत्रकेंद्र सुरू झाले आणि जून २०२२ मध्ये व्हर्टस आली. कंपनी म्हणते की, तिचे ९५ टक्क्यांपर्यंत भाग भारतातले आहेत. चाकणहून ती मेक्सिकोलाही जाते. तिच्या जीटी प्रकाराला कंपनीने ‘परफॉर्मन्स लाइन’ असेच नाव दिले आहे.

आता समोरासमोर

पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर, व्हर्टसची ४.५६ मीटर, म्हणजे दोन फुटांचा फरक. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो, व्हर्टसचे साडेबाराशेच्या आसपास. पण शक्ती ४० आणि १५०! पद्मिनीच्या एका घोड्याला बावीस किलो ओढायचे, व्हर्टसच्या घोड्याला जेमतेम साडेआठ. इंजिनाचा आकार मात्र फार वेगळा नाही, १०८९ आणि १४९८ सीसी. मग एवढी शक्ती येते कुठून? बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचार्जरचा पंखा फिरतो, तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. पेट्रोलचा फवारा थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून थेट सिलिंडरमध्ये पडतो. आणि गंमत म्हणजे गाडी निवांत चालली असेल तर चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप विश्रांती घेतात. मराठी गृहिणीसुद्धा इतकी काटकसर करणार नाही.

पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या खाली, चार गिअरचा. पुढची सीट अखंड बाकासारखी, त्यामुळे पुढे तिघे आणि मागे पोरांसह पाच-सहा जण सहज मावत. थंडीत चोक ओढायचा, घाटात पाण्याच्या काट्यावर नजर ठेवायची. त्या काळच्या बहुतेक गाड्यांना खंडाळ्याच्या घाटात पाणी पाजावेच लागे. व्हर्टसच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला दोन क्लच आहेत. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो. थांबलेल्या गाडीपासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ती नऊ सेकंदांच्या आसपास पोहोचते. तेवढ्या वेळात पद्मिनीत दुसरा गिअर नीट बसला की नाही हे आपण तपासत असू.

ब्रेकच्या बाबतीत एक मजेदार साम्य आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. व्हर्टस आली ती पुढे डिस्क आणि मागे चक्क ड्रम घेऊन! पण साम्य तिथेच संपते. व्हर्टसमध्ये चाक घसरू लागले की संगणक प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा सांभाळतो. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. पद्मिनीत एअरबॅग नव्हती, बराच काळ सीटबेल्टही नव्हता, आणि धडकेचा जोर पोटात घेऊन माणसाला वाचवणारी पुढची रचना हा विचारच तिच्या जन्माच्या वेळी रुजलेला नव्हता. “जुन्या गाडीचा पत्रा कसा जाड होता” असे आपण कौतुकाने म्हणतो. पण जाड पत्रा चेपत नाही तेव्हा धक्का आतल्या माणसाला बसतो. माझ्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. नातवंडांना घेऊन मैसूर द्रुतगती मार्गावर जायचे असेल तर मी डोळे झाकून व्हर्टस निवडीन. मार्गावर मर्यादा ताशी १०० ची आहे आणि कॅमेरे आहेत, त्यामुळे दीडशे घोड्यांपैकी बरेचसे तबेल्यातच राहतात, हे वेगळे. आणि सिल्क बोर्डच्या चौकात तर दोन्ही गाड्यांचा वेग अगदी सारखा!

बॉनेट कोणाचे?

मग पद्मिनी सगळ्याच बाबतींत हरली का? एका बाबतीत नाही. तिचे बॉनेट उघडले की आत काय चालले आहे ते दिसत असे. हा कार्बोरेटर, हा डिस्ट्रिब्युटर, हे प्लग; त्या काळच्या कितीतरी गाड्यांतले प्लग आपल्या आडुगोडीच्या ‘मायको’चे असत. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, प्लग साफ केले, की गाडी चालू. गावोगावच्या मिस्त्रींनी, कधी शाळेची पायरीही न चढलेल्या पोरांनी, या एका गाडीवर मोटारीचे अख्खे शास्त्र शिकून घेतले. मुंबईत तर टॅक्सीवाल्यांनी ती पिढ्यान् पिढ्या जगवली, पुढे सीएनजीवरही चालवली. व्हर्टसचे बॉनेट उघडले की प्लास्टिकचे काळे झाकण दिसते. बिघाड शोधायला मिस्त्रीच्या कानाऐवजी संगणक लागतो.

पण म्हणून “तेच दिवस बरे होते” असे म्हणायला मी तयार नाही. पद्मिनीचे भाग जवळजवळ सगळे आपले होते, ती दुरुस्त करण्याचे ज्ञानही आपले होते. तिच्यापुढची गाडी आखण्याचे ज्ञान मात्र आपल्याकडे वाढू दिले गेले नाही. वालचंदांना नुसते भाग बनवायचे नव्हते. १९९८ साली पुण्यात टाटांची इंडिका आली तेव्हा त्या स्वप्नाकडे पहिले मोठे पाऊल पडले. आणि आज? आपल्या मंडळातली निम्मी तरुण मुले याच शहरात बसून जर्मन आणि इतर परदेशी गाड्यांची सॉफ्टवेअर लिहितात. ब्रेक कधी लागावा, सिलिंडर कधी झोपावा हे ठरवणाऱ्या कामात आता मराठी, कन्नड, तमीळ डोकी आहेत. बॉनेटच्या आतले ज्ञान नाहीसे झालेले नाही. ते गॅरेजमधून आपल्या मुलांच्या टेबलावर आले आहे. फक्त गाडीवरचा बिल्ला दुसऱ्याचा आहे.

पद्मिनीचे शेवटचे पर्व मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची गेली. दुसरीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपात जपलेली आणि पन्नास वर्षे ओलांडलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९७४ च्या पद्मिनी आता त्या मानाला पोहोचल्या आहेत. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनी ती जरूर जपावी, सणावाराला बाहेर काढावी, मुलांना बॉनेट उघडून दाखवावे.

आणि दाखवताना वालचंदांची गोष्टही सांगावी. मोटारीसाठी निघालेल्या त्या सोलापूरकराच्या खटपटीतून आपल्या या शहरात विमानाचा कारखाना आला, कुर्ल्यात मोटारीचा उभा राहिला. पूर्ण आपली, आपणच आखलेली आणि जगाने रांग लावून घ्यावी अशी वेगवान गाडी हे त्यांचे राहिलेले काम आहे. ते करण्याची विद्या आज इथल्या मुलांच्या हातात आहे. परवान्याची अडचण आता सांगता येणार नाही.